तिसरीच्या वर्गात राग, रडू आणि भांडणं: समुपदेशक नसताना शिक्षकाने काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत यंदाच रुजू झालात, तिसरीचा वर्ग मिळालाय, पट चाळीसच्या आसपास. मुलं एवढ्यातेवढ्यावरून हातघाईवर येतात, एक मुलगी जवळजवळ रोज रडते आणि एक मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही. प्रशिक्षणात ‘सामाजिक-भावनिक अध्ययन’ (म्हणजे आपल्या भावना ओळखणं, सावरणं आणि दुसऱ्याशी जमवून घेणं शिकणं) ऐकलं, पण उद्या वर्गात गेल्यावर करायचं काय? आणि शाळेला समुपदेशक नसताना आपण यात हात घालावा का?

जरूर घालावा. प्राथमिक शाळेत मुलाच्या मनात काय चाललंय हे रोज पाच-सहा तास डोळ्यांसमोर असणारी व्यक्ती म्हणजे वर्गशिक्षक. मी कोल्हापूर शहरात पहिली ते चौथीला बरीच वर्षं शिकवते आहे. या विषयाचा वेगळा तास लावण्याने जेवढं होतं, त्याच्या कितीतरी पट जास्त वर्गातल्या भांडणाच्या वेळी आपण कसं वागतो त्याने होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यातही क्रम महत्त्वाचा. मूल भडकलेलं असताना त्याला काही शिकवायला जायचं नाही. आधी ते निवळू द्यायचं, बोलायचं ते नंतर.

कारण साधं आहे. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग क्षणात पेटतो. थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. आठ वर्षांच्या पोराला ऐन तापात ‘का मारलंस?’ विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतंच. मग ते ‘मी न्हाई’ म्हणतं, आपण त्याला खोटारडं ठरवतो आणि मूळ भांडण बाजूलाच राहतं.

एक प्रसंग सांगते. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन हात धुताना नळावर दोघे जुंपले. एकाची बाटली फुटली, दुसऱ्याच्या शर्टाची बटणं तुटली. भोवती पोरांचं कोंडाळं, ‘बाई, ह्यानं आधी मारलं’ म्हणून एकच गलका. मी दोघांना व्हरांड्याच्या दोन टोकांना बसवलं, तोंडावर पाणी मारायला सांगितलं, बाकीच्यांना वर्गात पाठवलं. ‘का’ हा शब्द काढलाच नाही. थोड्या वेळाने, श्वास खाली बसल्यावर, पहिल्याच्या शेजारी जमिनीवर टेकले. उभ्याने बोललं की मूल आपल्या तोंडाकडे बघतच नाही. विचारलं, ‘आता अंगात कुठं काय होतंय?’ म्हणाला, ‘डोस्कं तापलंय.’ ‘आणि पोटात?’ बराच वेळ गप्प. मग पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाला, ‘त्येनी मला खेळात घेतलं न्हाई. काल बी न्हाई.’

वरून राग दिसत होता, आत एकटं पडल्याचं दुःख होतं. लहान मुलांच्या रागाखाली बहुतेक वेळा असं दुसरं काहीतरी असतं: भीती, लाज, हेवा, नाहीतर नुसती भूक. ते त्याच्या तोंडून बाहेर आलं की निम्मं काम होतं. त्यानंतर आम्ही एकच वाक्य घोकलं, ‘मला पण खेळायला घ्या’. हे वाक्य मोठ्याने म्हणता येणं ही त्याच्यासाठी खरी शिकवणी होती. दुसऱ्याशी पण वेगळं बोलले, त्याचीही बाजू होतीच. ‘सॉरी म्हण’ असं मी कुणालाच म्हटलं नाही. जबरदस्तीचं सॉरी मुलं दात-ओठ खाऊन म्हणतात. त्याऐवजी नुकसान भरून काढायला सांगितलं. त्या दिवशी पाणी एकाच बाटलीतून दोघांनी प्यायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी एकाने घरून जुनी बाटली आणली.

भावनेला नाव दिल्याने ती निवते, याला संशोधनाचा आधार आहे. 2007 मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रौढांवर एक प्रयोग केला. चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगितली की अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावते, असं त्यात दिसलं. मात्र शब्द मुलाच्या घरचे हवेत. ‘मला उद्विग्न वाटतंय’ असं कुठलं तिसरीतलं मूल म्हणेल? ‘भ्या वाटालंय’, ‘पोटात गोळा आला’, ‘डोस्कं आउट झालं’ हे चालतं, नव्हे, तेच वहीत लिहू द्या. दुरुस्त करू नका.

रोजची एक सवय लावा. हजेरी घेताना ‘हजर’च्या जोडीला बोटं दाखवायची: पाच म्हणजे मस्त, एक म्हणजे आज बरं नाही. चाळीस मुलांना तीन-चार मिनिटं पुरतात. ज्याला दाखवायचं नाही त्याने नुसतं ‘हजर’ म्हणावं. एक बोट दाखवणाऱ्याला सगळ्यांदेखत ‘का रे?’ विचारायचं नाही. प्रार्थनेनंतर, पाणी प्यायला जाताना, हळूच विचारायचं. हे पाळलं नाही तर आठवड्यात सगळी मुलं पाच बोटं दाखवायला लागतात.

रडणाऱ्या मुलीसाठी आधी वही उघडा. आठ-दहा दिवस फक्त नोंद ठेवा: किती वाजता रडली, त्याआधी काय चाललं होतं, कुणाजवळ बसली होती, डबा खाल्ला होता का. फळ्यावरचं दिसत नसतं, गणिताच्या तासाची धास्ती असते, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसते म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. अशी कारणं शाळेतच सुटतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. नजर आणि कान नीट बघायला त्यांना आवर्जून सांगा. आणि तिला विचाराल तेव्हा ती ‘मी रडत नव्हतो’ म्हणेल (आपल्याकडच्या मुली आलो-गेलोच म्हणतात), तर तिथे वाद घालू नका. ‘बरं, पण मी इथंच आहे’ एवढं पुरे.

न बोलणाऱ्या मुलाबाबत सगळ्यांत आधी पालकांना विचारा की घरी बोलतो का. घरी भरभर बोलतो आणि शाळेत महिन्याहून जास्त काळ अजिबात नाही, असं असेल (पहिलीचा पहिला महिना सोडून), तर ‘निवडक मूकपणा’ हा चिंतेचा प्रकार असू शकतो. तो हट्ट नाही आणि उद्धटपणाही नाही. ‘बोललास तर चॉकलेट’ आणि ‘आज बोलल्याशिवाय बसायचं नाही’, दोन्हींनी तो आणखी मिटतो. आधी मान हलवून उत्तर, मग दोनातलं एक बोटाने दाखवणं, मग शेजाऱ्याच्या कानात कुजबुज, अशा पायऱ्यांनी जा. दुसरी शक्यता भाषेची आणि गावाची. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली मुलं मधेच वर्गात येतात, चार-पाच महिन्यांत जातात. त्यांचं गप्प बसणं म्हणजे नव्या ठिकाणी अंदाज घेणं असतं. त्यांना एक ठरलेला सोबती द्या, शक्यतो स्वभावाने गरीब.

करवीरची शाळा म्हणजे तुमच्याकडे पंचगंगाकाठची मुलंही असणार, म्हणून पावसाचं वेगळं सांगते. 2019 आणि 2021 च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडच्या घरांनी रात्रीत गुरं सोडली, सामान माळ्यावर टाकलं. तेव्हा तान्ही असलेली मुलंही आज घरातल्यांच्या बोलण्यातून तो पूर जगतात. जुलैत झोड उठली की वर्गातली चुळबूळ वाढते. ‘काही होत नाही, घाबरू नका’ म्हणणं तिथे उपयोगाचं नाही, कारण झालेलं त्यांना माहीत आहे. मी फळ्याच्या कोपऱ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची त्या दिवशीची पाणीपातळी लिहिते. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आज किती, काल किती, फरक मुलांनीच काढायचा. मग घर सोडायची वेळ आली तर दप्तरात काय घ्यायचं, कुणाचा फोन नंबर पाठ हवा, कुत्र्याला कोण नेणार, हे ठरवायचं. भीती उरते, पण हाताला काम मिळतं. आणि वजाबाकीही होते.

आता आपल्या स्वतःच्या तोंडाबद्दल. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी बरीच मागे पडली. ‘ढ’, ‘मंद’, ‘तुझा भाऊ बघ किती हुशार’ हे मात्र अजून सर्रास चालतं, आणि ते मुलाच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. आपल्या तालमींच्या गावात मुलग्यांना आणखी एक ऐकावं लागतं, ‘पैलवान रडतोय व्हय?’ ते तुमच्या वर्गात बंद करा, पहिल्याच आठवड्यात, स्पष्ट शब्दांत. भीतीशिवाय मूल शिकतं हे सिद्ध करायला लांब जायला नको. लीला पाटील यांनी 1985 मध्ये याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते आनंदाने शिकण्याच्या विश्वासावरच. जमल्यास एकदा जाऊन बघा.

‘आधी निपुणचं (वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याच्या सरकारी मोहिमेचं) बघा, हे लाड नंतर’ असं वरून ऐकायला मिळेल. तेव्हा 2011 चा एक मोठा आढावा सांगा. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 213 शालेय कार्यक्रमांतल्या दोन लाख सत्तर हजार मुलांचा अभ्यास एकत्र केला. भावनिक कौशल्यं शिकलेल्या मुलांची वागणूक तर सुधारलीच, अभ्यासातही ती इतरांपेक्षा 11 पर्सेंटाइल (म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत साधारण 11 जागा) पुढे गेली. आणि हे कार्यक्रम वर्गशिक्षकांनाही चांगले चालवता आले. शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणलाच आहे. गोष्टी, नाटुकली, एकमेकांची बाजू करून बघणं यासाठी तो हक्काने वापरा. सगळ्यांना डोळे मिटून ध्यानाला बसवलं की झालं, असं मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर किशोरवयीन मुलांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष 2022) शाळेतल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) तासांचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

आपली मर्यादा कुठे येते तेही पक्कं असू द्या. मूल स्वतःला इजा करतंय, मरणाचं बोलतंय, आठवडेच्या आठवडे खात-झोपत नाही, तर मुख्याध्यापक आणि पालकांना सोबत घेऊन कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायला लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, तुम्ही स्वतःही सल्ला विचारू शकता. कुणी नको तिथे हात लावतं असं मुलाने सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. खोदून चौकशीही करू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि कळवा. पॉक्सो कायदा 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते.

राहिले पालक. नुसती तक्रार घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. ‘आज त्याने डबा वाटून खाल्ला’ असं एखादं खरं, चांगलं वाक्य आधी सांगा. मग विचारा, ‘घरी चिडला की कशाने शांत होतो?’ आईला नसेल तर आजीला उत्तर हमखास माहीत असतं. ते मुलाच्या नावापुढे वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या भांडणाच्या वेळी तेच करून बघा.