वाचकांचे प्रश्न : नस जोडली, पण करंगळी कधी जागी होणार?

प्रश्न : एप्रिलमध्ये द्राक्षाच्या खरड छाटणीच्या गडबडीत वैरण तोडताना कोयता निसटला आणि डाव्या मनगटातली करंगळीकडची नस तुटली. मिरजेत त्याच दिवशी जोडून घेतली. चार महिने झाले तरी करंगळी बधिरच आहे. वर तळहातावर टिचकी मारली की करंगळीत झिणझिण्या येतात. काही बिघडलंय का? माझे मेहुणे झाडावरून पडले, मणक्यातल्या नसा तुटल्या. त्या पुन्हा वाढत नाहीत म्हणे. हातातली वाढते, मग पाठीतली का नाही?
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : झिणझिण्या येताहेत ही चांगली खबर आहे. नसेतल्या वाढत्या तंतूचं टोक नाजूक असतं, ते डिवचलं की करंगळी बोलते. झूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात ही खूण नोंदवली. टिचकी जिथे लागू पडते तिथे पेनाने ठिपका द्या आणि महिन्याने पुन्हा बघा. ठिपका बोटाकडे सरकायला हवा.

वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. पहिला महिना नस जोडल्याची जागा ओलांडण्यात गेला असं धरा. उरलेल्या 90 दिवसांत 9 सेंटीमीटर, म्हणजे तंतू आता करंगळीच्या मुळाशी असावेत. टोकापर्यंत अजून सात सेंटीमीटर. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीच्या सुमारास काहीतरी जाणवू लागेल, मात्र लगेच पहिल्यासारखं नाही.

इतकं हळू का? स्पर्श कळवणाऱ्या त्या तंतूची पेशी बसलीय मानेच्या मणक्याशेजारी. नस तुटली की कापल्या टोकातून कॅल्शियम आत घुसतं, निरोप मानेपर्यंत जातो आणि पेशी वाढीची जनुकं चालू करते. बांधकामाचा माल तिथूनच येतो, आणि तो दिवसाला काही मिलिमीटरच सरकतो. तेल कितीही चोळा, ही चाल बदलत नाही.

तुटलेल्या भागाच्या पुढचा तंतू मरतो, पण त्याच्या भोवतीच्या श्वान पेशी जगतात. (कुत्र्याचा संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे.) त्या कचरा साफ करून ओळीने उभ्या राहतात आणि नर्व्ह ग्रोथ फॅक्टरसारखी प्रथिनं सोडतात. या प्रथिनाचा माग रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांनी लावला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतल्या तुरीनमध्ये घरच्या झोपायच्या खोलीत त्या कोंबडीच्या अंड्यातले गर्भ तपासत होत्या! पुढे 1986 मध्ये स्टॅन्ले कोहेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. हे प्रथिन तंतूच्या टोकावरच्या ‘ट्रक-ए’ या निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि आत निरोप हातोहात पुढे जातो. निरोप नेणाऱ्या प्रथिनांच्या दोन वाटा आहेत: एक रास-ईआरकेची, दुसरी पीआय-3-के आणि एकेटीची. दुसरी पेशीला जगवते आणि प्रथिनं बनवायला मोकळीक देते.

मेहुण्यांच्या पाठीत नेमकं उलट घडतं. तिथल्या नसांच्या वेष्टणात ‘नोगो’ नावाचं प्रथिन असतं. त्याचा स्पर्श झाला की तंतूत ‘रो-ए’ हे दुसरं प्रथिन जागं होतं आणि वाढतं टोक आक्रसून बसतं. शिवाय ‘पीटेन’ या प्रथिनाचा ब्रेक पीआय-3-केचं काम पुसत राहतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर काडीत डोळे आहेत, पण ते फुटण्यासाठीची पेस्ट लावलेली नाही. 2008 मध्ये उंदरांच्या डोळ्यातल्या, ज्यांच्या तंतूंची डोळ्याची नस बनते त्या पेशींमधून पीटेन काढल्यावर तंतू पुन्हा वाढले. मग माणसात का करत नाहीत? कारण हाच पीटेन कर्करोगालाही आवर घालतो. तो ब्रेक कायमचा काढणं मला धोक्याचं वाटतं. मेहुण्यांना कोणी ‘नसा वाढवणारं इंजेक्शन’ विकायला आलं, तर दारातूनच परत पाठवा.

तोवर चहाचा स्टीलचा पेला डाव्या हातात धरू नका, भाजलं तरी करंगळीला कळणार नाही. आणि दोन महिन्यांत ठिपका जागचा हलला नाही, तर नस जोडणाऱ्या सर्जनना दाखवा.