वाचकांचे प्रश्न : मदतनीस कुत्रे

माझ्या भावाची दृष्टी गेली आहे. मार्गदर्शक कुत्रा सिग्नल बघून त्याला रस्ता ओलांडून देईल का?

नाही. लाल-हिरव्यातला फरक कुत्र्याला नीट कळत नाही. रस्ता पाठ असावा लागतो तो भावाला. चौकात थांबून, आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या सुटल्याचा आवाज आला की ‘चल’ म्हणायचं तेही त्यानेच. कुत्रा फुटपाथच्या कडेला थांबतो, खड्ड्याला वळसा घालतो, डोक्याच्या उंचीवरची फांदी चुकवतो. पांढऱ्या काठीला नेमकी हीच सापडत नाही. गाडी अंगावर येत असेल, तर ‘चल’ म्हटलं तरी तो हलत नाही. हुकूम कधी मोडायचा, हे शिकवणं सर्वांत अवघड. पाठीवरच्या पट्ट्याला ताठ मूठ असते, ती यासाठीच. साखळी सैल पडते. मुठीतून कुत्रा थबकला, वळला हे हाताला त्याच क्षणी कळतं. भावाने आधी काठीने फिरायला शिकावं, मगच कुत्र्याचा विचार करावा.

आईला ऐकू येत नाही. आमचा कुत्रा बेल वाजली की भुंकतो. तेवढं पुरे ना?

ते भुंकणं आईंना कुठे ऐकू येणार! त्याने नाक किंवा पंजा लावून त्यांना उठवायचं आणि दाराशी न्यायचं. खाऊ आईंच्या हातात ठेवा, दुसऱ्याने बेल वाजवावी. कुत्र्याने गुडघ्याला नाक लावलं तरच खाऊ. दाराशी दिलात तर तो दाराकडेच धावेल. आगीच्या अलार्मला मात्र स्पर्श करून तिथेच आडवं व्हायला शिकवा, नाहीतर तो आईंना थेट धुराकडे नेईल.

व्हीलचेअर वापरतो. उठताना कुत्र्याचा आधार घेता येईल?

वाढ पूर्ण झालेला, कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे चांगला आलेला मोठा कुत्रा असेल आणि पशुवैद्यांनी होकार दिला तरच. एरवी पडलेली किल्ली उचलणं, मुठीला बांधलेली दोरी ओढून दार उघडणं ही कामं घ्या.

मुलीला फिट येते. कुत्रा आधी इशारा देईल का?

काही कुत्रे आपणहून देतात, पण ते खात्रीने शिकवता येत नाही. शिकवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. फिट आल्यावर जवळ थांबणं, घरच्यांना बोलावणं किंवा धोक्याचं बटण दाबणं मात्र शिकवता येतं. मधुमेहात साखर उतरल्याचा वास ओळखायला शिकवतात, पण तिथेही कुत्रा चुकतो. त्याच्या भरवशावर ग्लुकोमीटर बाजूला ठेवू नये.