‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का नको?

प्रश्न: ऑफिसच्या पत्रात मी ‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट’ लिहिलं. साहेबांनी ‘अबाउट’वर काट मारली. का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: साहेबांचं बरोबर आहे. ‘डिस्कस’ सकर्मक क्रियापद आहे, त्याला कर्म थेट जोडायचं: ‘वी डिस्कस्ड द बजेट’. आपण मराठीत ‘बजेटबद्दल चर्चा केली’ म्हणतो, तो ‘बद्दल’ नकळत इंग्रजीत शिरतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या शिकवणीत हुशार मुलंही इथेच अडखळतात, म्हणून मी वाक्य मोठ्यांदा म्हणून घेते. ‘डिस्कशन’ या नामापुढे मात्र ‘अबाउट’ खुशाल लिहा. ‘टॉक’लाही ते लागतंच. आणि चर्चा कुणाशी केली हे सांगताना ‘विथ’ विसरू नका: ‘आय डिस्कस्ड इट विथ हिम’.