ओल्ड ट्रॅफर्ड नक्की मँचेस्टरमध्येच येतं का?

पत्त्यात मँचेस्टर असतं, पण कारभाराच्या हिशेबाने नाही. क्रिकेटचं मैदान आणि युनायटेडचं फुटबॉल मैदान, दोन्ही ट्रॅफर्ड बरोमध्ये (बरो म्हणजे स्थानिक कारभाराचा विभाग) येतात. त्याची कौन्सिल वेगळी. मँचेस्टर सिटीचं मैदान मात्र खरोखर मँचेस्टर शहरात आहे, हे सिटीवाले आवर्जून ऐकवतात!

गोंधळ होतो तो 'मँचेस्टर' आणि 'ग्रेटर मँचेस्टर' यांच्यात. ग्रेटर मँचेस्टर हा शहर आणि आसपासचे बरो मिळून केलेला मोठा प्रदेश, 1974 मध्ये झाला. त्यात दहा बरो: मँचेस्टर, सॅलफर्ड, ट्रॅफर्ड, बोल्टन, बरी, ओल्डहॅम, रॉचडेल, स्टॉकपोर्ट, टेमसाइड, विगन. मूळ शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, सगळं मिळून 28 लाखांवर. 2017 पासून सगळ्यांचा मिळून एक निवडून आलेला महापौर असतो, पण प्रत्येक बरोची कौन्सिल आहेच.

सॅलफर्डची तर गंमतच. मँचेस्टरच्या मध्यवस्तीतल्या डीन्सगेटवरून पाच-दहा मिनिटं चालत अर्वेल नदीचा पूल ओलांडला की तुम्ही दुसऱ्या शहरात. सॅलफर्डला 1926 पासून शहराचा दर्जा आहे. तिथल्या माणसाला 'मँचेस्टरचा' म्हणून बघा, लगेच दुरुस्ती होईल.