ट्रायपॉडच्या परवानगीत ‘एक नग’

तुम्ही विचारलंय की वीस जणांचा फोटोवॉक, म्हणजे फोटो काढत फिरण्याचा बेत, ठरतोय, तर पुण्यात सार्वजनिक जागी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते का आणि ती कोण देतं. आपण म्हणतो सार्वजनिक जागा, पण अर्ज लिहायला बसलं की तिला मालक निघतोच. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. तिथे हातातल्या कॅमेऱ्याला कोणी हटकत नाही, पण स्टँड म्हटलं की लेखी परवानगी लागते. ती तिकिटाच्या खिडकीवर मिळत नाही, अर्ज मुंबई मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे करावा लागतो. सारसबाग, संभाजी उद्यान म्हणजे महापालिकेचा उद्यान विभाग. वेताळ टेकडीचा बराच भाग वनखात्याचा. कॅम्पात लष्कराच्या भिंतीकडे कॅमेरा वळवूच नका, तिथे अर्जबिर्ज काही नाही.

झालं तुमचं उत्तर. आता माझं ऐका, कारण प्रश्न वाचून जुनी जखम ठसठसली.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण एका जुन्या वाड्यात जाणार होतो. वाड्याचं आणि खात्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक अर्धी माझीच होती. आत अंधार, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, वरच्या झरोक्यातून येणारी एक तिरीप. हातात कॅमेरा धरून तिथे काही होत नाही, दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं आणि कॅमेरा स्थिर. म्हणून मी रीतसर अर्ज केला. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला ‘टिपणी वर गेलीय’, तिसऱ्या खेपेला बाईंनी सही-शिक्क्याचं पत्र हातात ठेवलं. मी ते वाचलंसुद्धा नाही. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि ग्रुपवर फोटो टाकला: ‘झालं काम!’

रविवारी सकाळी सात वाजता दारावरच्या मामांनी ते पत्र ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग आमच्याकडे बघितलं. नऊ ट्रायपॉड खांद्यांवर.

“ह्यात एक नग लिहिलंय.”

खरंच लिहिलं होतं. माझ्या अर्जात ‘ट्रायपॉड वापरून छायाचित्रण करण्याची परवानगी मिळावी’ एवढंच होतं, आकडा नव्हता. कार्यालयाने आपल्या मनाने एक आकडा घातला आणि तो सगळ्यात लहान घातला. मामांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, ते कागद वाचत होते आणि कागद बरोबर होता. आठ ट्रायपॉड त्यांच्या खोलीत जमा झाले, एक आत गेला. वेळ सात ते नऊ.

दोन तासांत चौदा जण म्हणजे माणशी नऊ मिनिटंही धड नाहीत. त्यात ट्रायपॉडवर कॅमेरा अडकवायची प्लेट प्रत्येकाची वेगळी! माझी ह्या ट्रायपॉडला बसत नाही, दुसऱ्याचीही नाही. दर वेळी खालचा स्क्रू नाण्याने सोडवायचा, ट्रायपॉडची ती एकच प्लेट दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला लावायची, परत आवळायचं. अर्धा वेळ दोन रुपयांचं नाणं शोधण्यात गेला. माझी पाळी आली तोवर तिरीप खांबावरून सरकून फरशीवर गेली होती.

आमच्यातला एक मित्र पहिल्यापासून म्हणत होता, “परवानगी मागितलीस हीच चूक. मागितली की ते मोजतात.” हा गडी रांगेत उभाच राहिला नाही. जर्किनची घडी करून उंबऱ्यावर ठेवली, त्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, आणि चार सेकंदांचं एक्स्पोजर. त्या दिवसातला सगळ्यात चांगला फोटो त्याचा आला. तो फ्रेम करून त्याच्या हॉलमध्ये लावलाय, आणि दर दिवाळीला फराळाच्या बशीबरोबर मला दाखवला जातो.

तर त्याला जे तोंडावर सांगता आलं नाही ते इथे लिहितो. मामा तुला काही बोलले नाहीत, कारण दारावरच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आणि माझा फोन नंबर होता. पत्र नसतं तर चौदा जण पाठीवर बॅगा घेऊन चौकातसुद्धा गेले नसते, उंबरा तर लांबच. काही झालं असतं तर बोलावणं मला आलं असतं, जर्किनला नाही.

तुम्ही अर्ज करा तेव्हा तारीख, वेळ, माणसं किती आणि ट्रायपॉड किती हे आकड्यात आणि अक्षरात लिहा. ‘हौशी छायाचित्रण, मॉडेल व पोशाख नाहीत’ हे वाक्य घालाच, कारण स्टँड दिसला की त्यांच्या डोळ्यांसमोर प्री-वेडिंगवाले उभे राहतात, धूर आणि रिफ्लेक्टरसकट. पत्र मिळालं की तिथेच बाईंसमोर वाचा, ही माझी हजार रुपयांची शिकवण समजा. आणि वीस जणांना वीस ट्रायपॉड मुळीच मागू नका. उन्हात सेकंदाच्या अडीचशेाव्या भागात फोटो निघतो, तेव्हा ट्रायपॉड हा नुसता दागिना आहे. पाताळेश्वराच्या गाभाऱ्यात तो लागतो, बाहेरच्या गोल नंदीमंडपाला नाही. पाच मागा, चौघांत एक वापरा, आणि चौघांची प्लेट एकसारखी आहे ना हे आदल्या दिवशी बघा.

हो, हे राहिलंच. एकपायी मोनोपॉड हा स्टँड नव्हे असं दारावर समजावत बसू नका, त्यांच्या लेखी काठी म्हणजे स्टँड. टेकडीवर किंवा नदीकाठी आम्ही तिघं-चौघं ट्रायपॉड घेऊन गेलो तर मला आजवर कोणी विचारलेलं नाही, पण वीस जण म्हणजे कार्यक्रम, ते धरून चालू नका. ड्रोनचा विषय काढूच नका, त्याचे नियम 2021 पासून वेगळेच आहेत आणि लोहगावचा विमानतळ डोक्यावर आहे.

आणि दोन रुपयांची नाणी न्या. नवी पातळ नाही, जुनी जाड.