पायांची आग होणाऱ्या माणसाला चाचणीत औषध नसलेली गोळी देणं ही फसवणूक नाही का?

तुमच्या आईंना चौदा वर्षं मधुमेह आहे, रात्री तळपायांची आग होते, डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला सुचवलंय, आणि काहींना कोरी गोळी मिळणार हे कळल्यावर तुमचा संताप झाला. तो मला समजतो. पण हे आधी सांगून, सही घेऊन होत असेल तर ती फसवणूक नव्हे.

मी सहा वर्षं अशा चाचण्यांची कोऑर्डिनेटर होते. एक आजी रोज झोपण्यापूर्वी वेदनेचा शून्य ते दहामधला आकडा वहीत लिहायच्या. सुरुवातीला सात-आठ, दोन महिन्यांनी तीन-चार. "लागू पडली गं गोळी," म्हणाल्या. शेवटी कळलं, त्यांची गोळी कोरीच होती. त्यांचा आराम खोटा नव्हता. माणूस बहुतेकदा दुखणं टोकाला गेल्यावर चाचणीत येतो, आणि हे दुखणं आपसूकही चढतं-उतरतं. शिवाय दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पाय हातात घेऊन विचारपूस करत होतं. कोरी गोळी घेणारे नसतील तर यातलं औषधाचं श्रेय किती, हे कसं काढणार?

प्रत्येक चाचणीत नुसती कोरी गोळी घेणारा गट असतोच असं नाही. ब्रिटनमध्ये 130 जणांवर झालेली 'ऑप्शन-डीएम' चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन ही जुनीच औषधं. एकाने भागलं नाही तर जोडीला दुसरं. असे तीन क्रम, प्रत्येक 16 आठवड्यांचा, पाळीपाळीने. वेदना सरासरी 6.6 वरून तिन्हींत 3.3 च्या आसपास आली. फरक पडला तो त्रासात: कुणाला चक्कर, कुणाला मळमळ, कुणाचं तोंड कोरडं.

पण ही औषधं आग शमवतात, मधुमेहाने बिघडलेली नस, म्हणजे मज्जातंतू, दुरुस्त करत नाहीत. डॉक्टरांना पहिलं हेच विचारा: नवं औषध वेदनेसाठी आहे की नसेसाठी? नस सुधारते का हे बघायला बराच काळ लागतो. आम्ही डोळे मिटायला सांगून, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचो आणि जाणवला की सांगा म्हणायचो. एक काका सगळ्या जागांवर गप्प राहिले. त्यांची चप्पल वाटेत निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताही नसायचा. आग होत नव्हती म्हणून ते स्वतःला बरे समजत होते.

बाकी, आताच्या गोळ्या बंद करणार का, दुखणं असह्य झालं तर कोणतं औषध देणार, सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचा. मधेच बाहेर पडायचा हक्क आईंना आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळायला हवेत, तसा 2019 चा नियम आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 हे जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असलं तरी पायांना मुंग्या येतात.

चाचणीत जा किंवा जाऊ नका, आज रात्री आईंचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. भेग, फोड, लाल डाग दिसला तर उद्याच दाखवा.