सोड्याने कांद्याचा करपा जातो का?

प्रश्न : काका, चांदवड तालुक्यात आमचा सव्वा एकर उन्हाळ कांदा आहे. लागवडीला दीड महिना झाला. ढगाळ हवा आणि दव यामुळे पातीवर जांभळट चट्टे आलेत, काही पाती मधूनच मोडतायत. मोबाइलवर एकाने सांगितलं, पंपात मूठभर खाण्याचा सोडा टाका, करपा जातो. औषधांचे भाव बघता मारावासा वाटतोय. मारू का?

उत्तर : ताई, सोड्याने बुरशी मरते हे खोटं नाही. पण कोणती, ते त्या पठ्ठ्याने सांगितलं नाही. भुरीची, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी पानाच्या वरच पसरते. फवारा थेट तिच्यावर बसतो, पानावरचा सामू (पीएच) वाढतो, तिचे धागे सुकतात. म्हणून द्राक्षाच्या किंवा काकडीच्या भुरीवर सोड्याच्या जातीचे क्षार चालतात. पोटॅशियम बायकार्बोनेट तर परदेशात त्यासाठी रीतसर विकलं जातं. तुमच्याकडचा जांभळा करपा अल्टरनेरियाचा दिसतो. ही बुरशी पातीच्या आत शिरते. चट्टा दिसेपर्यंत ती आत ठाण मांडून बसलेली असते आणि सोडा काही आत जात नाही. वर राहिलेला पहिल्या पावसात धुऊन जातो.

त्यात कांदा खारेपणाला फार हळवा. जमिनीची क्षारता १.२ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. एका फवाऱ्याने रान खारवणार नाही, हे खरं. पण विहिरीचं पाणी मचूळ आणि जमीन चोपणाकडे (सोडियम साठून घट्ट झालेल्या जमिनीकडे) झुकलेली असेल, तर दर आठवड्याला सोडियमची भर कशाला?

तरी बघायचंच असेल तर चट्टे न आलेल्या दोन वाफ्यांवर बघा. मूठ नको, वजन करा : लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. याच्या दुप्पट झालं की पात भाजण्याचा धोका. ऊन उतरल्यावर मारा. कीटकनाशकात मिसळू नका, अल्कधर्मी पाण्यात बरीच कीटकनाशकं निकामी होतात. आणि दुकानदाराने धुण्याचा सोडा दिला तर परत करा, तो कितीतरी जहाल. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर तेच घ्या, सोडियमचा प्रश्नच उरत नाही.

आता चट्टे आलेल्या पिकाचं. आधी पात फाकवून पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पातीत, फुलकिडे आहेत का बघा. त्यांनी खरवडलेल्या जागेतून करप्याला वाट मिळते. किडे तसेच ठेवून बुरशीनाशकावर पैसे घालणारे आपल्याकडे कमी नाहीत! युरिया आता थांबवा, लुसलुशीत पातीवर करपा जोरात येतो. तुषार सिंचन असेल तर संध्याकाळी चालवू नका, पात रात्रभर ओली राहते. औषधात टेब्युकोनॅझोल किंवा डायफेनोकोनॅझोल, लिटरला १ मिली. लेबलवर कांदा आणि जांभळा करपा लिहिलेलं हवं, काढणीपूर्वीचे दिवसही तिथेच वाचा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा लागलं तर तेच न मारता मॅन्कोझेब, लिटरला २.५ ग्रॅम. दोन्ही वेळा चिकट द्रव्य घाला. कांद्याची पात मेणचट, त्याशिवाय औषध ओघळून बुडाशी जातं.

प्रश्न : साठवणीच्या चाळीत कांद्याला काळी बुरशी येते. भरताना थरांमध्ये मीठ टाकलं तर? (येवल्याहून एक वाचक)

उत्तर : अजिबात नको. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि काळ्या बुरशीला तोच हवा असतो. कांदा पातीसकट तीन दिवस शेतात सुकवा, इंचभर मान ठेवून कापा, मग दहा-बारा दिवस सावलीत पसरा. जाड मानेचा आणि चेंगरलेला माल चाळीत न भरता आधीच विकून टाका. थर पाच फुटांपेक्षा उंच चढवू नका आणि खालून हवा खेळती ठेवा.